मागच्या बाकावर आवाज पोचला नाही

केंड्रिक गावात कुणाच्या तोंडात तीळ भिजत नसे. थेल्मा ओक्सची गोष्ट मात्र वेगळी. एकतीस वर्षं तिने गावचं पोस्ट सांभाळलं. कुणाला वकिलाची पाकिटं येतात, कुणाच्या लेकाचं पत्र तुरुंगातून येतं, कुणाचं पत्र येतच नाही, सगळं तिला ठाऊक आणि सगळं तिच्या पोटात. म्हणून सेंट बार्नबस चर्चला नवा पाळक शोधायची वेळ आली, तेव्हा समितीत पहिलं नाव तिचंच लागलं.

पाच जणांची समिती. पाचांनी वेदीसमोर उभं राहून शपथ घेतली, की उमेदवाराचं नाव बाहेर फुटणार नाही, घरच्या माणसांपाशीसुद्धा नाही. "कुत्र्यापाशीही नाही," समितीचा अध्यक्ष ग्रँट म्हणाला. ग्रँट म्हणजे गावचा निवृत्त दंतवैद्य. सगळ्या गावाच्या तोंडात हात घालून झालेला माणूस, त्यामुळे त्याला कुणी उलट बोलत नसे.

त्याच दिवशी मंडळीतल्या बायकांनी हौसेने समितीला बिल्ले करून दिले. सेंट बार्नबसमध्ये नावाचा बिल्ला सगळेच लावतात. या पाच बिल्ल्यांवर नाव आणि चर्चच्या खाली ठळक अक्षरांत 'पाळक-शोध समिती' असंही लिहिलं होतं. लोकांनी यांच्यासाठी प्रार्थना करावी आणि उपासनेनंतरच्या कॉफीच्या वेळी यांना छळू नये, हा हेतू. छळायचं कुणी सोडलं नाही, ते असो. थेल्माने आपला बिल्ला रविवारच्या निळ्या कोटाला लावला तो लावलाच.

दहा महिन्यांत सतरा अर्ज चाळून दोन नावं उरली. एक ओहायोतले मिस्टर व्हॉस. दुसरी रेव्हरंड जोआना पेल, डोंगरापलीकडच्या ऑर्डवे गावची पाळक. तिने मुलाखतीत काही लपवलं नव्हतं. नवऱ्याला मज्जातंतूंचा आजार, दर महिन्याला इस्पितळात जाऊन सुईवाटे औषध घ्यावं लागतं, आणि त्या औषधाचा विमा तिच्या नोकरीवर. राहतं घरही चर्चचंच. "मी दुसरीकडे बघतेय हे माझ्या मंडळीला ठाऊक नाही," ती म्हणाली होती. "कळलं तर मला अवघड जाईल." इतकं साधं बोलली होती.

नोव्हेंबरच्या एका रविवारी समितीतले तिघे तिचा उपदेश ऐकायला ऑर्डवेला निघाले. हा या लोकांचा रिवाजच. न सांगता जायचं, वाटेतले पाहुणे असल्यासारखं बसायचं आणि परत यायचं. म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. गाडीत ग्रँट नियम सांगत होता. "वेगवेगळं बसायचं. पाहुण्यांच्या वहीत सही नाही. कॉफीला थांबायचं नाही. आणि मार्गो, तू कागदावर काही खरडायचं नाहीस."

मार्गो नर्स होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "मी खरडत नाही रे, तूच उपदेशात झोपू नकोस," ती म्हणाली. मग जरा गंभीर झाली. "पण खरंच सांभाळा हं. माझ्या बहिणीच्या चर्चमध्ये असंच एकाचं नाव फुटलं. मंडळी म्हणाली, जायचंय ना, मग जा. आणि जिथे जायचं होतं त्यांनी दुसऱ्याला घेतलं. तो बिचारा बायकापोरांसकट हिवाळाभर भावाच्या तळघरात राहिला."

थेल्मा मागच्या सीटवर गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसली होती. मनात म्हणाली, माझ्याकडून तर फुटायचं नाही.

ऑर्डवेच्या चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर बसली. हीटर इतका तापलेला की पाचव्या मिनिटाला तिने मफलर सोडला. जोआना उपदेशाला उभी राहिली. बुटकी बाई, केस पिकलेले, पण आवाज काय होता! तळघरातल्या गळक्या पाइपाची गोष्ट सांगून तिने लोकांना हसवलं आणि त्याच पाइपावरून बोलता बोलता असं काही म्हणाली की सगळं चर्च गप्प झालं. शेवटच्या बाकावर एकेक शब्द स्वच्छ येत होता. थेल्माने दोनदा डोळे पुसले. हीच, तिला वाटलं. हीच आपली.

मग सगळे उठून हातात हात घेत एकमेकांना प्रभूची शांती द्यायला लागले. पुढच्या बाकावरचा एक उंच म्हातारा वळला, त्याने तिचा हात हातात घेतला, जरा वाकला, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "प्रभूची शांती तुम्हालाही, बाई." हात त्याने अंमळ जास्तच वेळ धरला. थेल्माला तो प्रेमळ वाटला.

प्रभुभोजनाला ती रांगेतून पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकून बसली. जोआना एकेकाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवत आली. थेल्माच्या समोर तिचा हात हवेतच थांबला. ती थेल्माच्या छातीकडे बघत होती. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. "ख्रिस्ताचं शरीर," ती कसंबसं म्हणाली आणि पुढे सरकली.

थेल्माने खाली पाहिलं. निळ्या कोटावर बिल्ला, इतका वेळ मफलरखाली झाकलेला. थेल्मा ओक्स, सेंट बार्नबस, केंड्रिक, पाळक-शोध समिती. सगळं ठळक.

भाकरी गिळवेना. बाकावर परतताना तिने बिल्ला ओरबाडून खिशात कोंबला. कोटाचा धागा निघाला. अर्ध्या चर्चशी हात मिळवून झाले होते तिचे. किती जणांनी वाचलं असेल?

परतीच्या वाटेवर ग्रँट आणि मार्गो खुशीत होते. "मिळाली आपली पाळकबाई," ग्रँट म्हणत होता. "थेल्मा, तू गप्प का गं?" मार्गोने विचारलं. "डोकं दुखतंय," थेल्मा म्हणाली. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एकदा सांगायचं राहिलं की दर मैलाला ते अवघड होत जातं, आणि घर नव्वद मैल लांब होतं.

सोमवारी तिने ऑर्डवेच्या चर्चचं पान संगणकावर उघडलं. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांचे फोटो होते. पहिलाच फोटो त्या उंच म्हाताऱ्याचा. एल्डन टटल, मुख्य कारभारी. थेल्माचं धाबं दणाणलं. इतक्या माणसांत वाचून वाचलं ते त्यानेच.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. फोन वाजला की ती तो वाजू द्यायची. ग्रँटची गाडी दारावरून गेली तरी ती पडद्यामागे सरकायची. जोआनाला माफीचं पत्र लिहायला बसली आणि चार वेळा खोडलं. डोळ्यांपुढे सारखं एकच: ती बाई, तिचा आजारी नवरा आणि कुणाचं तरी तळघर.

पण भीती मोठी लबाड असते. सोमवारी थेल्मा जोआनासाठी भीत होती. बुधवारपर्यंत ती स्वतःसाठी भ्यायला लागली, आणि कधी बदल झाला ते तिचं तिलाही कळलं नाही. जोआना इथे आली तर तिच्या मागोमाग ऑर्डवेची माणसं येणार, आणि एखादा म्हणणार, अहो, तुमची ती बिल्लेवाली बाई कुठली? मग ग्रँट, मग मार्गो, मग गाव. एकतीस वर्षांची अब्रू कॉफीच्या टेबलावर. आणि जोआना नाहीच आली तर? तर काहीच झालं नाही. कुणी विचारणार नाही. जोआना आहे तिथे राहील, तिचंही झाकलेलं राहील. थेल्माने हे मनाला इतक्यांदा सांगितलं की ते तिला पुण्याचं काम वाटायला लागलं.

गुरुवारी दुपारी समिती बसली. पाचांचं एकमत झाल्याशिवाय नाव पुढे जायचं नाही, असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. चौघे जोआनाच्या बाजूने बोलले. मार्गो तर म्हणाली, "आता मत कसलं घ्यायचं? केक कापू." सगळे थेल्माकडे वळले.

"मी मागच्या बाकावर होते," थेल्मा म्हणाली. "आवाज पोचला नाही."

सेंट बार्नबसमध्ये साठ माणसं, त्यातल्या चाळिसांच्या कानात यंत्र. जुन्या पाळकांचा शेवटी शेवटी आवाज बसला तेव्हा म्हातारी माणसं रडकुंडीला येऊन घरी बसली होती. हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. थेल्मालाही ठाऊक होतं, म्हणून तर तिने नेमकं तेच सांगितलं.

"मला तर छान ऐकू आलं," मार्गो म्हणाली.

"तू तिसऱ्या बाकावर होतीस."

"थेल्मा, नक्की?" ग्रँटने विचारलं.

"अर्धे शब्द गेले."

ग्रँटने चष्मा काढून पुसला. "थेल्मा म्हणते म्हणजे खरं असणार," तो म्हणाला. "रविवारी उपासना झाली की पंचांपुढे व्हॉस यांचं नाव ठेवू. बाईंना मी सोमवारी कळवतो." कुणी वाद घातला नाही. थेल्माला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची तिला शिसारी आली.

रविवारी ती बिल्ल्याशिवाय चर्चला गेली. शांती द्यायला वळली आणि मागच्या बाकावर एल्डन टटल उभा होता.

"प्रभूची शांती, बाई," तो म्हणाला. "कॉफी झाली की दोन मिनिटं बाहेर याल का?"

पुढची उपासना तिला कळलीच नाही. हा आता ग्रँटला गाठणार. सगळ्यांदेखत विचारणार. ती कॉफीला गेलीच नाही, थेट बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली. टटल टोपी हातात घेऊन आला.

"मी तुमचा बिल्ला वाचला," तो म्हणाला. "कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. चोपन्न वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच."

"मग कशाला आलात?" थेल्माचा आवाज चिरकला.

"घर बघायला. ते पलीकडचं पाळकाचं घर ना? छप्पर नवं दिसतंय. दाराला पायऱ्या नाहीत, ते बरं, आमच्या पाळकबाईच्या नवऱ्याला चालवत नाही. आणि इस्पितळ किती लांब ते येताना मोजलं. अकरा मैल. आमच्याकडून बावन्न पडतं." त्याने टोपी हातात फिरवली. "तुम्ही शपथेला बांधलेल्या. तुम्ही बोलू नका, मी बोलतो. जानेवारीपासून आम्हाला पूर्ण वेळचा पाळक झेपत नाही. पंचांचं ठरलंय, तिला सांगायचं माझ्याकडे आहे. अर्धा वेळ झाला की तिचा विमा जातो. विमा गेला की नवऱ्याचं औषध बंद. तीन आठवडे मी तिच्या दारापर्यंत जातो आणि तसाच परत येतो. भित्रा माणूस आहे मी, बाई. खोटं कशाला सांगू? त्या दिवशी तुमचा बिल्ला वाचला आणि घरी जाऊन रडलो. म्हटलं, देवाने सोय केली."

थेल्माने पलीकडच्या त्या घराकडे पाहिलं.

"तिच्यासारखी मिळायची नाही तुम्हाला," टटल म्हणाला. "माझा डावा कान गेलाय, पण तिचा एक शब्द चुकत नाही माझा. तुम्ही तर माझ्याही मागे होतात. तुम्हाला माहीतच आहे."

आणि त्याने उत्तरासाठी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शब्द नकोच होते त्याला. तो बघत राहिला आणि बघता बघता त्याचाच चेहरा पडला. "बरं. म्हणजे नाही," तो म्हणाला. टोपी घातली आणि गाडीकडे चालू लागला.

"मिस्टर टटल," थेल्माने हाक मारली. "जाऊ नका. थोडं थांबा."

ती आत धावली. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखणारी. पंचांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून ग्रँटचा आवाज येत होता, मिस्टर व्हॉस यांचं शिक्षण, मिस्टर व्हॉस यांचा अनुभव. थेल्माने दाराची मूठ धरली आणि तिथेच थिजली. आत अकरा माणसं होती. अकराही जणांची पत्रं तिने हाताळली होती. आत्ता परत फिरलं तर अजूनही कुणाला कळणार नव्हतं.

तिने दार उघडलं.

"थेल्मा, आमची बैठक चालू आहे," ग्रँट म्हणाला. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि हातातला कागद खाली ठेवला. "काय झालं?"

"मी खोटं बोलले," थेल्मा म्हणाली. तिने आवाज चढवला, पार मागच्या खुर्चीपर्यंत पोचेल इतका. "तिचा एकेक शब्द मला ऐकू आला होता. मी माझा बिल्ला घालून गेले होते, त्यांच्या कारभाऱ्याने तो वाचला, आणि मी भ्याले. त्या भीतीपायी मी तिचं नाव खोडलं."

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या मिसेस लॅथमने कानाचं यंत्र हाताने सारखं केलं आणि शेजारणीला विचारलं, "कुणाचं नाव?"

थेल्माने ग्रँटकडे पाहिलं. शपथ तर मोडलीच होती. ती पुढे होऊन टेबलापाशी उभी राहिली आणि मिसेस लॅथमला ऐकू जाईल असं एकेक अक्षर सुटं करून तिने ते नाव सांगितलं.