धडधाकटाची सुई

दुर्गाबाईच्या तोंडी कायम प्रश्न, आणि तोही भलत्या वेळी. नांदगाव पेठेजवळच्या मळ्यात नवऱ्यानं मोट जुंपली की ही विचारणार, विहिरीत पाणी येतं कुठून? शेषराव कपाळावर हात मारायचा. "तुले काय करायचं? येते ना, मंग वाफे भर!"

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात गावातली कुत्री पटापट मरू लागली. आधी खोकला, मग नाकाडोळ्यांतून घाण, शेवटी झटके. मग एका सकाळी दुर्गाबाईची कुत्री राणीही खोकली. राणी आणि तिचा लेक दिवाण, या दोघांच्या जिवावरच तर मळ्यातली वांगी रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या, तोंडून वाचत होती.

भाजीच्या बैलबंडीत तिनं राणीला पोत्यावर निजवलं. दिवाण आदल्या संध्याकाळीच दिराच्या वावरातून राखण करून परतला होता. तोही बंडीमागं धावू लागला.

"घरी हो! तुले काय धाड भरली?" दुर्गाबाईनं त्याला ढेकूळ दाखवलं.

अमरावतीच्या गुरांच्या दवाखान्यात धर्मपाल नावाचा तरुण डॉक्टर होता. राणीला तपासून त्यानं पुड्या दिल्या, पण चेहरा काही खुलला नाही.

"घरी आखीन कोणी हाय काय, मावशी?"

"लेक हाय हिचा. पण तो धडधाकट हाय, जी."

"त्यालेच आणाले पायजे होतं. सुई त्याची हाय."

"माय खोकून राहिली अन् सुई लेकाले? हा कुठला न्याय?"

डॉक्टरनं तिच्या दंडावरच्या गोल खुणा दाखवल्या. "या टोचल्या तवा तुमाले देवी आल्या होत्या काय?"

"नाई जी. मी तं बोरीवर चढली होती. बापानं ओढून नेलं."

"मंग? चोराची ओळख अंगाले आधीच करून द्या लागते. घरात शिरल्यावर काय फायदा?"

झालं, बाईला खाद्य मिळालं. हा चोर सुईच्या बाटलीत कोंडला कोणी? बाटली बर्फात काहून? कुत्र्याच्या अंगावर खूण कुठं उठते? डॉक्टर हसत हसत सांगत होता. बोलता बोलता तिची नजर राणीवर गेली. "हिले कवा टोचाले पायजे होतं?" तिनं हळूच विचारलं.

"अशीच धडधाकट होती तवा."

राणीला घरी सोडून तिनं दिवाणला आणलं आणि त्याच दिवशी त्याला सुई टोचून घेतली. "उशीर झाला नसन तं वाचन," एवढंच डॉक्टर म्हणाला. राणीला विहिरीजवळच्या खोपीत वेगळं बांधलं. तिला खाऊ घातलं की दुर्गाबाई गरम पाण्यानं हातपाय धुवायची, लुगडं बदलायची, मगच दिवाणकडे जायची. बाईले येड लागलं, असं शेषराव गावभर सांगत सुटला. आठव्या दिवशी राणी दुर्गाबाईच्या मांडीवर गेली. माणूस गेल्यासारखी ती मोठ्यानं रडली. रोज सकाळी दिवाणच्या छातीला कान लावून ऐकायची. तो खोकला नाही.

पुढल्या वर्षी तिनं चांदूर रेल्वेहून एक पिल्लू आणलं आणि ते जरा मोठं होताच दवाखाना गाठला. दारात एक बाई खोकणारा कुत्रा घेऊन बसली होती. पदर चावणाऱ्या पिल्लाला उचलून दुर्गाबाई चार हात लांबच उभी राहिली.

"याले काय धाड भरली, बाई?" त्या बाईनं विचारलं.

"काईच नाई. म्हणूनच तं आणला."

ती बाई हसली. दुर्गाबाईला हसू आलं नाही. त्या कुत्र्याचे चिकटलेले डोळे बघत तिनं विचारलं,

"घरी आखीन कोणी हाय काय, बाई?"