युवा मंत्रालय, सातपूर

सुवार्ता पगारेच्या गळ्यात चर्चच्या तरुण संघाचं काम पडलं ते तिला न विचारताच. आधी संघ सांभाळणारे दादा नोकरीसाठी पुण्याला गेले आणि पुढच्याच रविवारी उपासना संपताना पाळकसाहेबांनी तिचं नाव जाहीर करून टाकलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भांबावलेली सुवार्ताही टाळ्या वाजवत राहिली.

नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यांना लागून असलेलं ते छोटंसं चर्च. संघातली बहुतेक मुलं तिथल्याच कंपन्यांत आणि वर्कशॉपमध्ये कामाला. कुणाची पहिली पाळी, कुणाची तिसरी. रविवारी दुपारी जमले तरी निम्मे पेंगत असायचे आणि उरलेले मोबाइलमध्ये. सुवार्ता एका दवाखान्यात काउंटरवर बसायची. चर्चच्या अंगणातच लहानाची मोठी झालेली, गाण्यात पुढे. पण विशी-बाविशीतल्या पोरापोरींना तासभर धरून कसं ठेवायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग तिने सगळे करतात तेच केलं. नेटवर शोधलं.

खजिनाच उघडला. धडे, खेळ, व्हिडिओ, चर्चेचे प्रश्न, वर्षभराचं नियोजन. तरुणांमध्ये काम करणाऱ्यांसाठी लोकांनी सगळं मांडून ठेवलं होतं, तेही फुकट. अडचण एवढीच की सगळं इंग्रजीत, आणि सुवार्ता मराठी शाळेत शिकलेली. एका परदेशी साइटवरून तिने बायबलमधल्या हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावरचा धडा निवडला आणि भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकला. मराठी धडा तयार. त्या आठवड्यात दवाखान्यात तापाच्या पेशंटची रीघ लागली होती, त्यामुळे तो आधी वाचून बघणं राहूनच गेलं.

रविवारी ती मोबाइल हातात धरून उभी राहिली आणि वाचू लागली, “आपले युवा मंत्रालय यशस्वी करण्यासाठी प्रत्येक युवा मंत्र्याने बैठकीच्या सुरुवातीला पाच मिनिटे बर्फ फोडावा.”

मागच्या बाकावर कुणीतरी फुसकन हसलं.

“ताई, शपथविधी कधी झाला?” मयूरने विचारलं. मयूर सुरगाण्याकडचा, एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर काम करायचा.

सुवार्ताने तसंच पुढे वाचायचा प्रयत्न केला. पुढचं वाक्य होतं, “आपल्या विद्यार्थ्यांना रात्रभर कुलूपबंद करून आनंद द्या.” आता मात्र बाकं हलू लागली. पेंगणारे जागे झाले. सुवार्ताच्या कानशिलांना घाम फुटला. मोबाइल पर्समध्ये टाकावा आणि सरळ घर गाठावं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात रोशनी म्हणाली, “ताई, पण त्यांना खरं काय म्हणायचं असेल?” रोशनी डोंगरातल्या पेठ तालुक्याची. नर्सिंग शिकत होती आणि होस्टेलवर राहायची. “मिनिस्ट्री म्हणजे मंत्रालय नसेल. सेवा असेल ना?”

“आणि बर्फ म्हणजे संकोच,” दुसरं कुणीतरी म्हणालं. “पहिल्यांदा भेटल्यावर असतो तो.”

झालं. सगळे मोबाइलभोवती गोळा झाले. एकेक वाक्य घ्यायचं, त्याच्यावर हसायचं, मग ते सरळ करायचं. कुलूपबंद म्हणजे सगळ्यांनी रात्री चर्चमध्येच एकत्र मुक्काम करायचा, हेही उलगडलं. असं करता करता गाडी मेंढरापाशी आली. अ‍ॅपने लिहिलं होतं, ‘हरवलेले मेंढरू मालकाला हाक मारते.’

मयूरचं हसू थांबलं. “हे भाषांतर बरोबर असंल, पण गोष्ट चुकीची हाय,” तो म्हणाला. “मी लय शेळ्या राखल्यात. चुकलेली शेळी वरडत नाय. भ्याल्यावर झाडीत गप बसून राहते. तुम्ही हाका मारा, ती वळखीचा आवाज आला तरी हलत नाय. जाऊन शोधावी लागते.”

सुवार्ताच्या डोळ्यांपुढे अश्विन आला. संघात गिटार वाजवणारा अश्विन कितीतरी रविवारी फिरकला नव्हता. ती दर शनिवारी ग्रुपवर फुलांच्या चित्रासकट ‘उद्या नक्की या’ असं टाकायची, आणि आपलं काम झालं असं समजायची.

दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर ती अशोकनगरला अश्विनच्या घरी गेली. त्याच्या आईने चहा टाकला. अश्विनने जमिनीकडे बघतच सांगितलं. कंपनीने कंत्राटी पोरं कमी केली, त्यात त्याचा नंबर लागला होता. चर्चमध्ये सगळे विचारतील, म्हणून त्याने यायचंच सोडलं होतं.

“अरे, मग सांगायचं तरी. मी दर आठवड्याला मेसेज टाकत होते,” सुवार्ता म्हणाली.

“तो सगळ्यांना होता ताई,” अश्विन म्हणाला. “मला नव्हता.”

ते शब्द सुवार्ताला लागले. पण अश्विन पुढच्या रविवारी आला, आणि त्याला बघून सगळ्यांनी सरकून जागा केली. त्याला वेबसाइट बनवता यायची. मेंढराचा नीट केलेला धडा, त्यात मयूरची शेळी, हे सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, “हे आपल्यापुरतं कशाला ठेवायचं? मराठीत असं काहीच नाही. आपणच करू.”

आधी परदेशी साइटवाल्यांची परवानगी हवी होती. रोशनीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं, आणि आठवडाभरात उत्तर आलं की हवं ते घ्या, बदला, फक्त तुमच्याकडचं काही चांगलं सापडलं तर आम्हालाही पाठवा. रविवारची बैठक आता दुपारभर चालू लागली. तिसऱ्या पाळीची पोरं झोप अर्धी टाकून येऊ लागली. हशा रस्त्यापर्यंत ऐकू यायचा.

तो देवराम गुरुजींच्याही कानावर गेला. गुरुजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, चर्च कमिटीतले सगळ्यांत ज्येष्ठ. कमिटीपुढे त्यांनी स्पष्टच सांगितलं, “प्रार्थनेच्या जागी खिदळणं चाललंय. हातात पवित्र शास्त्र नाही, मोबाइल. हे थांबवलं पाहिजे.” पाळकसाहेब म्हणाले, “आधी एकदा बघून या, मग ठरवू.”

गुरुजी आले ते हाताची घडी घालून दाराजवळच्या खुर्चीत बसले. नेमका त्या दिवशी धडा कृपेवरचा होता, आणि ‘ग्रेस’ या शब्दाशी अ‍ॅपने नाना खेळ केले होते. कुठे ‘डौल’, कुठे ‘वाढीव मुदत’.

“मला तर ग्रेस म्हटलं की ग्रेस मार्कच आठवतात,” रोशनी म्हणाली. “कृपा म्हणजे तसंच ना? थोडे कमी पडले, देवाने भरून दिले.”

“बरोबर वाटतंय,” अश्विन म्हणाला. “असंच लिहू.”

“तसं लिहू नका,” दाराजवळून आवाज आला. सगळे वळले. गुरुजी उठून उभे राहिले होते. “मी आयुष्यभर पेपर तपासले. ग्रेस मार्क देताना आम्ही बघायचो की पोरगा पास होण्याच्या जवळ आलाय का. दोन-चार गुणांनी राहिला असेल तर द्यायचे. ज्याला शून्य, त्याला कुणी देत नव्हतं. मीही कधी दिले नाहीत. कृपा शून्यवाल्याला मिळते. तिथेच तर सगळा फरक आहे.”

मयूर आदबीने म्हणाला, “गुरुजी, पुन्हा सांगा. मी रेकॉर्ड करतो.”

गुरुजींनी शर्टाची कॉलर नीट केली आणि पुन्हा सांगितलं. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षाही छान. त्या रविवारपासून दाराजवळची ती खुर्ची आत, गोलात आली. थांबवण्याचा विषय कमिटीत पुन्हा निघाला नाही.

साइट सुरू झाली. वाचायला धडे, आणि ज्यांना वाचायचा कंटाळा त्यांच्यासाठी आवाजात. रोशनीने हेच धडे आपल्या डोंगरातल्या बोलीतही बोलून साइटवर टाकले. सुरुवातीला बघणारे हेच सगळे, घरी बसून आपलंच आपण ऐकणारे. मग मनमाडहून एका रेल्वे कर्मचाऱ्याचा मेसेज आला, की रेल्वे कॉलनीतल्या पोरांना शेळीचा धडा शिकवला आणि पोरांनी पुढचा मागितला. लासलगावहून एका शिक्षिकेने खेळ पाठवला, कांद्याच्या लिलावासारखा बोली लावायचा. तो साइटवर इतका चालला की पुण्या-नगरची मंडळीही खेळू लागली. परदेशी साइटवाल्यांनी संघाने पाठवलेला गुरुजींचा कृपेचा धडा इंग्रजीत करून पहिल्या पानावर लावला, खाली ‘सातपूर, नाशिक’ असं लिहून. गुरुजी त्याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन फिरू लागले आणि विचारणाऱ्याला, न विचारणाऱ्यालाही दाखवू लागले.

नाताळच्या सुट्टीत सुवार्ताने धाडस केलं. साइट वापरणाऱ्या सगळ्यांना बोलावणं धाडलं. या वेळी ग्रुपवर फुलं टाकली नाहीत; संघातल्या प्रत्येकाने काही नावं वाटून घेतली आणि एकेकाला फोन केला. थोडीफार माणसं येतील, असा तिचा अंदाज होता.

सकाळपासून माणसं येतच राहिली. मनमाडवाले रेल्वेने, लासलगावच्या बाई पोरींना टेम्पोत घालून, पेठ-सुरगाण्याकडची मंडळी एसटीने. बाकं पुरेनात तेव्हा सतरंज्या टाकल्या, सतरंज्या पुरेनात तेव्हा अश्विनने स्पीकर बाहेर आणून अंगणात लावला. कमिटीतले लोक स्वतः भाताची पातेली उचलत होते. प्रत्येक गावाने आपण काय केलं ते सांगितलं, आणि दर वेळी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

शेवटी एक वयस्क बाई पुढे आल्या. भिमाबाई, पेठच्या पलीकडल्या एका पाड्यावरच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. नातवाच्या मोबाइलवर धडा लावून त्या पाड्यावरच्या पोरांना झाडाखाली बसवायच्या. त्यांनी माईककडे बघितलंच नाही, घोळक्यात आवाजावरून रोशनीला शोधलं, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, “पोरी, तोंड आज पाह्यलं. आवाज आमच्या घरातलाच हाय.”

भिमाबाईंनी मग पाड्यावर रचलेलं गाणं धरलं. चाल डोंगरातली, नाचताना म्हणतात तशी. पेठ-सुरगाण्याच्या पोरांनी लगेच एकमेकांच्या कमरेत हात घातले आणि अंगणात फेर धरला. मयूर त्यात पहिला. मनमाडवाले शिरले, लासलगावच्या पोरी शिरल्या, अश्विनची गिटार ती चाल धडपडत पकडू लागली. देवराम गुरुजी चष्मा सांभाळत एका टोकाला जोडले गेले.

सुवार्ता पायरीवर उभी होती. सूत्रसंचालनाचा कागद तिने घडी करून ठेवून दिला. आता काय करायचं हे कुणालाच सांगावं लागणार नव्हतं. फेर तिच्यापाशी आला तेव्हा दोन हात सुटे झाले आणि तिच्यासाठी जागा झाली. चपला काढून ती आत शिरली. स्पीकर कधीच बंद पडला होता, पण गाणं कारखान्यांच्या भिंतींपर्यंत पोचत होतं.