दुसऱ्या जिन्याची नोंद

लाल ठिपका टाचणीच्या डोक्याएवढाच होता, आणि तो दुसऱ्या जिन्याच्या बीमला नेमका तिथे टोचलेला होता जिथे तिच्याखेरीज कुणाला बघण्याचं कारण नव्हतं... तिने माउस त्याच्यावर नेला, काढून घेतला, पुन्हा नेला. चौकट उघडली. इश्यू क्रमांक सात. ‘डोक्यावरची उंची १.८०. हवी २.१०.’ नोंदवणारा – तिचं नाव. जबाबदार – तिचंच नाव.

मी हे लिहिलेलं नाही. पहिल्या क्षणी तिला हे पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या क्षणी तितकंसं नाही.

चार दिवसांपूर्वी बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बसवून समजावलं होतं की नव्या दवाखान्याचं मॉडेल तीन प्रोग्रॅममध्ये वाटलेलं आहे – आर्किटेक्टबाईंच्या भिंती एकात, हिचे बीम-कॉलम दुसऱ्यात, पाइपवाल्यांचे पाइप तिसऱ्यात – आणि यापुढे कुणीही कुठल्याही प्रोग्रॅममध्ये चूक टिपली, की ती तिन्हींमध्ये त्याच जागी, त्याच क्षणी दिसेल. ‘तक्रार म्हणू नका, इश्यू म्हणा,’ तो गोड हसून म्हणाला होता.

‘म्हणजे एका खोलीत पुटपुटलेलं सगळ्या घराला ऐकू जाणार,’ पाइपवाले म्हणाले, ‘आमच्या आत्याबाईच की!’

सगळे हसले. मग एकेकाने सरावाच्या एक-दोन नोंदी करून पाहिल्या. खातं सुरुवातीला एकच घेतलं होतं, तिच्या नावाचं; सर, आर्किटेक्टबाई, पाइपवाले आणि ती – एकाच डगल्यात चौघे. डगला कुणाचा, हे मात्र कॉलरवर लिहिलेलं होतं.

याआधी या ऑफिसात चुका होत नसत. म्हणजे होत, पण त्यांना जन्मदाखला नसे, त्यामुळे त्यांचा बाप शोधण्याची वेळ येत नसे. ‘हळूच सरकवून टाका,’ सर म्हणत, आणि ती सरकवी – कॉलम, खाच, एकदा तर अख्खी लिफ्ट – अकरा वर्षं, विनातक्रार, दुसऱ्यांच्या चुकांवरून हात फिरवत. आणि या मूक धुण्याभांड्यांना तिथे अनुभव असं भारदस्त नाव होतं. हा बीम तेवढा सरकत नव्हता. दोन महिन्यांपूर्वी तो खालच्या बाजूने तीस सेंटिमीटर वाढवावा लागला, तेव्हा ती आराखडा घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली होती.

‘कोण डोकं वर करून जिना उतरतं हो? राहू द्या. साइटवर बघू.’

साइटवर बघू... या दोन शब्दांनंतर आजवर कुणी काही बघितलेलं नाही. आणि ती परत येऊन जागेवर बसली होती. हेही कुठे नोंदलेलं नाही.

तिने चौकटीतल्या छोट्या चित्रावर क्लिक केलं, आणि पडद्याने गर्रकन फिरून तिला नोंदवणाऱ्याच्या डोळ्यांत नेऊन उभं केलं. प्रोग्रॅम हेही जपून ठेवतो – माणूस कुठे उभा होता, कुठे बघत होता. डोळ्यांची उंची एकशे सत्तेचाळीस. तिची. बाकीचे सगळे प्रोग्रॅमने दिलेल्या उंच्यापुऱ्या पुरुषाच्या डोळ्यांनी मॉडेलमध्ये फिरतात. तिने एकटीने ती बदलून घेतली होती. पण ती खात्यालाच चिकटलेली – म्हणजे त्या खात्यातून शिरलेले सगळेच तिच्या उंचीचे झाले असणार. पुरावा हातात आला आणि पाण्यासारखा निसटला.

नजर मात्र विचित्र होती. तोंड वरच्या पायऱ्यांकडे, पाठ उताराकडे. असा जिना कोण उतरतं? पाठमोरं? – दादा उतरला होता. आजारी बाबांना खुर्चीत बसवून, खुर्चीचे पुढचे पाय धरून, एकेक पायरी चाचपत, आणि वरून शेजारचे काका ‘डोकं, डोकं’ ओरडत होते, आणि दादाला मान वळवता येत नव्हती, कारण बाबा त्याच्याकडे बघत होते... हे या ऑफिसात कुणाला ठाऊक आहे? कुणालाच नाही. मग मीच? हसण्याच्या त्या गडबडीत, सरावाची नोंद म्हणून?

‘त्या जिन्याच्या बीमजवळून तुमचा पाइप जातो ना?’ तिने पाइपवाल्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं.

‘जातो की. का हो ताई, त्यालाही खाली वाकायला सांगायचंय?’

पाइप बघायचा तर तिथेच उभं राहावं लागेल, वर तोंड करून. म्हणजे यांनीच लिहिलं. पण हा माणूस तर विनोद करताना डोळ्यांत बघतो. आर्किटेक्टबाईंनी सकाळपासून तिच्याशी दोनदा आपणहून बोलणं काढलं होतं. एरवी त्या आठवड्यातून एकदा बोलत. आणि सर?

फोन वाजला. सरच.

‘काय बाई, स्वतःवरच इश्यू टाकलात? कमाल आहे हं तुमची.’

‘मी नाही टाकला, सर.’

‘नाव तर तुमचंच आहे. बंद करून टाका. चारला दवाखान्याचे डॉक्टर येणार आहेत, त्यांच्यापुढे लाल दिसायला नको. प्रोग्रॅम कारण विचारेल. लिहा – तपासलं, ठीक आहे.’

तपासलं, ठीक आहे. खाली तिचं नाव, तारीख, वेळ. तोंडी हुकमाला आता लेखी सही मिळत होती, आणि ती त्यांची नव्हती. त्यांनीच टाकला असेल – तिच्या नावाने उघडायचा, तिच्याच हाताने बंद करवायचा, की पुढे कुणाचं डोकं आपटलं तर सगळं एका जागी सापडावं... आणि उघडा ठेवला, तर चार वाजता डॉक्टरांसमोर ते म्हणणार, बाईंची चूक, बाईंनीच कबूल केलीय. ही नोकरी, अकरा वर्षं.

साडेतीन झाले होते. कारणाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता. तिने ‘त’ लिहिला आणि पुसला. मग नोंद पुन्हा वाचली. वाक्य साधं होतं, खरं होतं, एकही शब्द जास्त नव्हता. दोन महिन्यांपूर्वी केबिनमधून परतल्यावर मी हेच लिहायला हवं होतं, असंच, याच शब्दांत. तिने कारणाची चौकट रिकामीच मिटली आणि ठिपका लालच राहू दिला.

आर्किटेक्टबाई खुर्ची सरकवून उठल्या आणि तिच्या टेबलाकडे येऊ लागल्या – काहीतरी सांगायचं असल्यासारख्या, जरा अवघडून. सकाळी तिने हा चेहरा झडप घालून वाचला असता. आता तिने घाईघाईने फोन कानाला लावला, कुणीही पलीकडे नसलेला, आणि हाताने त्यांना थांबायची खूण केली. यांनी तोंड उघडू नये. कुणीच उघडू नये. चार वाजेपर्यंत तरी कुणी येऊन म्हणू नये, की ‘ते मी लिहिलं होतं.’