निरोपाचा रस्सा

“आई, ही मटकी कुणासाठी? मी बर्गर सांगून ठेवलेत ना!”

रोहित स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. ओट्यावर ओल्या फडक्यात बांधलेली मटकी मोड येऊन चांगली फुगली होती आणि कुसाबाई कढईत खोबरं भाजत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“असू दे. मोड आलेत तर टाकून देऊ व्हय? घरी कुनी आलं-गेलं तर लागंल.”

“संध्याकाळी सगळे स्टँडवर असणार. घरी कोण येणार?”

कुसाबाईंनी खोबरं ताटलीत काढलं आणि कांदे टाकले. आज त्यांच्या नवऱ्याच्या, चिमाजी ठोंबऱ्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. चिमाजी नाशिकच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. काचेच्या चौकीत बसून कंडक्टरच्या कागदांवर वेळ टाकायची आणि भोंग्यावरून कोणती गाडी कुठे लागली ते सांगायचं, हे त्यांचं काम. भोंग्यावर त्यांचा आवाज असा खणखणीत, की झोपलेला प्रवासी पिशवी उचलून उभा राही. घरात मात्र हा माणूस जवळजवळ मुका. होते नव्हते तेवढे शब्द महामंडळाला देऊन येत असावा. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी कुसाबाईंना कधी नावाने हाक मारली नव्हती. ‘ऐकलं का’ एवढंच, आणि तेही अडलं तरच.

“आई, मी तुझ्याचसाठी केलं हे,” रोहितचा आवाज मऊ झाला. “भांडी नाहीत, वाढणं नाही. तू छान साडी नेसून बाबांशेजारी बस. आयुष्यभर ओट्याशीच उभं राहायचं का? आणि स्वस्तही पडतं.”

“स्वस्त पूर्वी पडायचं रे,” त्याची बायको वैष्णवी डबे पुसता पुसता म्हणाली. “कॉलेजात असताना आपण मिसळ परवडत नाही म्हणून बर्गर खायचो. आता एका बर्गरच्या खोक्याच्या पैशांत मिसळीची दोन ताटं येतात. वर पॅकिंगचे वेगळे, आणून द्यायचे वेगळे.”

“पण कटकट तर नाही!”

कुसाबाई कांदे परतत राहिल्या. पोराचं चुकत नव्हतं. त्यांचं बर्गरशी वैर होतं असंही नाही. कॉलेज रोडला वैष्णवीने एकदा खाऊ घातला होता, बटाट्याच्या लांब काड्या तर त्यांना फार आवडल्या होत्या. त्यांच्या पोटातलं भय वेगळंच होतं.

“आन सांगितल्यापेक्षा जास्त मानसं आली तर रं?”

“बाबा म्हणाले पन्नास. मी साठ सांगितलेत.”

पन्नासाचे साठ! कंपनीतल्या माणसाचा हिशोब तो. कुसाबाईंना आपलं लग्न आठवलं. येवल्याजवळच्या त्यांच्या गावात मांडव पडला होता आणि वडिलांनी मोजून स्वयंपाक केला होता. शेवटच्या पंगतीला भाजी संपली. त्या पंगतीत चिमाजींचे सोबती, एसटीचे ड्रायव्हर, ताटं मांडून बसले होते आणि तसेच उठून गेले. सासरच्यांनी पुढची कित्येक वर्षं ते सुनावलं. चिमाजी तेवढे कधी काही बोलले नाहीत, पण जो माणूस मुळात बोलतच नाही त्याच्या मनात काय आहे हे कळायचं कसं? आज त्यांच्या शेवटच्या दिवशी पुन्हा कुणी तसंच उठून गेलं, तर लागलेला डाग मरेपर्यंत निघणार नव्हता.

म्हणून मुलगा कामावर गेल्यावर त्यांनी मोठं पातेलं काढलं आणि इमारतीतल्या सगळ्यांना पुरेल एवढा रस्सा करून झाकून ठेवला. लागला नाही तर शेजारी वाटता येईल, अशी त्यांनी स्वतःचीच समजूत घातली.

आता चिमाजींनी काय घोळ घातला ते ऐका. स्टँडवरची पन्नास माणसं त्यांनी धरली होती, बाहेरच्यांना आमंत्रणं अशी केलीच नव्हती. सकाळी सटाण्याच्या गाडीचा ड्रायव्हर गोरक्ष सही घ्यायला चौकीशी आला, तेव्हा त्याला एवढंच म्हणाले, “आज शेवटचा दिवस आपला. संध्याकाळी या खायला.” दुसऱ्या कुठल्या खात्यात ही गोष्ट तिथेच संपली असती. पण एसटीत निरोप माणसाबरोबर नाही, गाडीबरोबर फिरतो. कंडक्टरच्या हाती चष्मा जातो, औषध जातं, पोरीच्या लग्नाची बातमी जाते. गोरक्षने सटाण्याला सांगितलं, सटाण्याने मालेगावला. येवल्याची गाडी निघाली ती निरोप घेऊनच, आणि दुपारपर्यंत घोटीच्या स्टँडवर पेरू विकणाऱ्या बाईलाही ठाऊक झालं, की नाशिकच्या भोंग्याचा आज निरोपसमारंभ आहे.

संध्याकाळी विश्रांतीगृहासमोर शाल-श्रीफळ झालं, दोन भाषणं झाली. चिमाजी खुर्चीत अवघडून बसले होते, शेजारी कुसाबाई हिरव्या साडीत. मग बर्गरचे खोके उघडले. झकपक खोके, आत कागदात गुंडाळलेला बर्गर आणि त्या बटाट्याच्या काड्या. चिमाजींच्या हाताखाली शिकलेला नवा नियंत्रक शेखर आणि रोहित वाटायला लागले. सगळं कसं सुतासारखं सरळ चाललं होतं.

तेवढ्यात सटाण्याची गाडी आत आली. पाठोपाठ येवल्याची. गोरक्ष उतरला आणि त्याच्यामागे सात-आठ खाकी सदरे. घोटीकडून आणखी काही जण. मग वर्कशॉपमधले मेकॅनिक काळे हात पुसत आले, हमाल आले, रोज अपडाऊन करणारी कॉलेजची पोरं आली. हा तो आवाज, हा तो माणूस, म्हणून जो तो चिमाजींचा हात धरून हलवायला लागला.

“दादा, पोरगी दवाखान्यात होती तवा तुमी माझी ड्यूटी बदलून दिली व्हती. इसरलो नाय मी,” येवल्याचा एक कंडक्टर म्हणाला. चिमाजी नुसते मान हलवत राहिले, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

कुसाबाई मात्र खोक्यांकडे बघत होत्या. उतरंड भराभर खाली येत होती. रोहितचा चेहरा उतरला. तो आईजवळ वाकून कुजबुजला, “आई, संपत आलेत. आणखी सांगितले तर यायला तास लागेल म्हणतात. अर्धे अर्धे कापून देऊ का?”

“दारात आलेल्या मानसाला अर्धा पाव हातात देतू व्हय रं?”

गोरक्ष खोक्यांच्या टेबलाशी आला, रिकामी जागा पाहिली आणि शहाण्या माणसासारखा हसून आपल्या अहिराणीत म्हणाला, “ऱ्हाऊ दे भाऊ, मी चहा लीसू. भूक नही शे.” आणि तो मागे फिरला.

त्याची ती वळलेली पाठ पाहिली मात्र, कुसाबाई ताडकन उठल्या. लग्नातली पंगत त्यांच्या डोळ्यांसमोर जशीच्या तशी उठून चालली होती.

“वैष्णवी, रिक्षानं जा आन घरचं पातेलं आन. मसाल्याचा डबाबी. रोह्या, तू पाव बघ. बेकरीत असतील तेवढे उचल. शेव-फरसान, लिंबं. पळ!”

“आई, ते पातेलं एवढ्या माणसांना कुठे—”

“तू पळ म्हनलं ना!”

रोहित पळाला. कुसाबाईंनी गोरक्षला हाक मारली. “ओ भाऊ, कुठं निघालात? बसा. आज बसल्याबिगर जायचं नाय.”

त्यांनी पदर खोचला आणि थेट स्टँडवरच्या चहावाल्याकडे गेल्या. त्याने आढेवेढे न घेता शेगडी मोकळी करून दिली, वर स्वतःचं चहाचं मोठं पातेलं घासून पुढे केलं. कुसाबाईंनी त्यात पाणी चढवलं. रश्श्यात गार पाणी ओतणाऱ्या बाया त्यांना माहीत होत्या. तर्री फुटते आणि खाणाऱ्याला कळतं, की आपल्यासाठी पाणी वाढवलंय. पाहुण्याला ते कळता कामा नये. येवल्याच्या कंडक्टरने गाडीच्या टपावरून कुणाचं तरी कांद्याचं पोतं सोडवलं. कुणाचं होतं देव जाणे, पण त्याचा मालकही मग कांदा चिरायला बसला. दोन मेकॅनिक हात धुऊन आले आणि पान्यासारखी सुरी धरून कापायला लागले.

पातेलं आलं. उकळत्या पाण्यात रस्सा पडला, मग भाजलेल्या कांद्याखोबऱ्याचा मसाला, तिखट, मीठ. वर तेलात तिखट परतून ओतलं तसा तांबडा तवंग चढला आणि असा ठसका उठला, की फलाटावरची माणसं खोकत खोकत विचारायला लागली, काय शिजतंय म्हणून. कुसाबाईंनी पळीतला थेंबभर तळहातावर घेऊन चाटला. आणखी थोडं मीठ टाकलं. मग मान हलवली.

पाव आले. वाडगे चहावाल्याचे, काही विश्रांतीगृहातल्या स्टीलच्या ताटल्या. सगळ्यांत पहिलं ताट कुसाबाईंनी गोरक्षच्या हातात दिलं. त्याने पाव बुडवला, खाल्ला, कपाळावरचा घाम पुसला.

“वहिनी, लई भारी शे! जरा रस्सा वाढा ना.”

त्या एका वाक्यासाठी सगळा आटापिटा होता. कुसाबाईंनी पळी भरून वाढलं, आणि न मागता दुसरीही. मग सगळीकडून एकच ओरडा सुरू झाला. इकडे रस्सा, तिकडे रस्सा, अहो वहिनी इकडे विसरलात! बर्गर खाऊन झालेलेही परत रांगेत आले. आधी पोटोबा म्हणतात ते उगीच नाही. रोहित बाह्या सारून पाव वाटत होता आणि हसत होता. कितीतरी वर्षांत आईने त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

“आई, कमाल आहेस तू,” तो पुढे जाता जाता म्हणाला.

“बर्गर चांगलाच हाय रं,” कुसाबाई म्हणाल्या. “पन त्याला पानी नाय वाढवता येत.”

चिमाजी मघापासून दूर उभे राहून बघत होते. शेखर त्यांच्याजवळ गेला. “दादा, नाशिक-पुणे लावायची आहे. शेवटचं तुम्हीच सांगा.”

चिमाजी चौकीत गेले. कळ दाबली. भोंगा खरखरला.

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. पुण्याला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे.” आवाज तोच, खणखणीत. मग तो थांबला. स्टँडवर सगळ्यांना वाटलं झालं. पण भोंगा चालूच होता, आणि त्यातून नुसता श्वास ऐकू येत होता.

“विश्रांतीगृहासमोर मिसळ चालू आहे. इथून कुणीही उपाशी जाऊ नये. मिसळ वाढत आहेत...” पुन्हा थोडी नुसती खरखर. “मिसळ वाढत आहेत सौभाग्यवती कुसाबाई चिमाजी ठोंबरे. रस्सा भरपूर आहे. सावकाश या.”

कुसाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. आपलं नाव एवढं मोठं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते गेलं होतं. खाकी सदऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, गोरक्षने गाडीचा हॉर्न दाबला आणि मग एकेक करत उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांनी. वैष्णवी त्यांना बिलगली. कुसाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि ठसक्याचं निमित्त केलं.

गाड्या आपापल्या रस्त्याला लागल्या. पातेल्यांचे तळ पावाने पुसून स्वच्छ झाले होते, मटकीचा दाणा उरला नव्हता. रोहित खुर्च्या लावत होता. चिमाजी येऊन बायकोशेजारी बाकावर बसले.

“तू खाल्लंस?” त्यांनी विचारलं.

कुसाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. वाढण्याच्या नादात स्वतःचं राहूनच गेलं होतं. चिमाजींनी बाकाखालून एक खोका काढला. त्यांच्या वाटणीचा बर्गर त्यांनी तसाच ठेवला होता. पार गार झाला होता, कागद त्याला चिकटला होता. त्यांनी तो सोडवला, बर्गरचे हाताने नीट दोन भाग केले आणि त्यातला मोठा पुढे धरला.

“घे, कुसा,” ते म्हणाले.