चिमटा लावलेला टोस्टर

मी एक जुना टोस्टर आहे. मित्रांनो, माझ्यासारख्याने आपली गोष्ट सांगताना मुलांना थोडं हसवावं, अशी अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. आज मला तुम्हाला घाबरवायचं आहे, आणि ते मी मुद्दाम करणार आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझं अंग घडवलं, पोटात तारा बसवल्या, बाजूला खाली दाबायचा दांडा लावला. शेवटी मला तपासणीच्या टेबलावर ठेवलं. तिथल्या बाई दांडा दाबायच्या आणि डोळे मिटून वाट बघायच्या. आत 'खट्' झालं आणि दांडा वर उडाला की त्या मान डोलवायच्या. शेजारच्या नव्या मुलीला त्या म्हणाल्या, "अगं, तापायला काय, कुणीही तापतं. कधी थांबायचं ते याला कळतं की नाही, एवढंच आपण बघायचं." ते ऐकून माझी छाती फुगली. तेव्हापासून मला त्या 'खट्'चा फार गर्व होता.

मग मी एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आलो. घरात माणसं तीन. आई रुग्णालयात परिचारिका होती आणि तिची कायम सकाळची पाळी असायची. बाबांचं चौकात दुरुस्तीचं दुकान होतं. मिक्सर, इस्त्र्या, पंखे, काही म्हणून त्यांच्या हातून सुटत नसे. आणि नऊ वर्षांची मुलगी. ती टोस्टच्या कडा आधी कुरतडून खायची, म्हणून सगळे तिला खारू म्हणत.

आईची बस सहा पस्तीसची. सहा वीसला ती स्वयंपाकघरात शिरायची. माझ्यात दोन स्लाइस, दांडा खाली. तवा गॅसवर, लोण्याचा तुकडा, ओट्याच्या कडेवर टक्-टक् करून दोन अंडी तव्यात. वर मीठ, मिरपूड, झाकण. अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो न होतो तोच माझं 'खट्' व्हायचं. टोस्टवर अंडं ठेवायचं आणि उभ्या उभ्या खायचं. पाच मिनिटांत सगळं आटपायचं! "हा माझा तिसरा हात आहे बाई," असं ती शेजारणीला सांगायची. त्या काळात माझ्यासारखा सुखी मीच.

पण माझ्या तळाच्या ट्रेमधला चुरा कुणी काढला नाही. तो साठत गेला, काळा पडला. मग माझा आतला खटका झिजला. दांडा खाली दाबला की लगेच वर यायचा. ब्रेड पांढराफटक, आणि आईची बस चुकायची वेळ.

"अहो, तुम्ही जगाची यंत्रं दुरुस्त करता, माझा टोस्टर कधी बघणार?"

"रविवारी बघतो. नक्की."

रविवारी लोक मिक्सर घेऊन दारात उभे असायचे. तेव्हा बाबांनी एक युक्ती काढली. दोरीवरचा कपड्यांचा चिमटा आणला, दांडा खाली दाबला आणि चिमट्याने तो माझ्या खालच्या पट्टीला पकडून ठेवला. ब्रेड झकास भाजला. आई हसली, खारूने टाळ्या वाजवल्या. "बाबांचं डोकं म्हणजे डोकं!" बाबांनी एक नियमही केला: चिमटा लावणाऱ्याने टोस्टरजवळून हलायचं नाही.

सगळे खूश होते, एक मी सोडून. आता मला थांबता येत नव्हतं, मित्रांनो. चिमटा निघेपर्यंत मी तापतच राहणार होतो.

असे चौदा महिने गेले. मधूनमधून टोस्ट करपायचा. आई सुरीने काळं खरवडायची आणि म्हणायची, "आज जरा खरपूस हं." माझ्या मागची फरशी तपकिरी झाली. वरच्या खिळ्याला हात पुसायचं फडकं लटकायचं, त्याचं टोक एकदा पिवळं पडलं. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कानाडोळा केला. टोस्ट अडकला की आई बटण चालू असतानाच सुरी घालून तो उकरून काढायची. बाबा ओरडायचे, "अगं, आधी बटण बंद!" ती म्हणायची, "घाई आहे हो." खारू स्टुलावर बसून हे सगळं बघायची. मुलं किती लक्ष देऊन बघतात, ते मोठ्यांना कळतच नाही.

तो मंगळवार होता. आईने चिमटा लावला, अंडी फोडली, तेवढ्यात फोन वाजला. रुग्णालयातली एक परिचारिका आजारी पडली होती, आईला लगेच बोलावलं होतं. तिने गॅस बंद केला, अंडं तसंच गिळलं, पर्स उचलली आणि न्हाणीघराच्या दाराशी जाऊन म्हणाली, "अहो, टोस्टकडे बघा हं!"

आत नळ धो धो वाहत होता. बाबा म्हणाले, "हो, हो."

त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. आईच्या कुठल्याही बोलण्याला ते हो-हो म्हणायचे. दार ओढल्याचा आवाज आला आणि ती गेली.

मी तापत राहिलो. ब्रेड तपकिरी झाला, मग काळा. धूर निघाला. ट्रेमधला चुरा धुमसू लागला. फडक्याच्या टोकापर्यंत धूर पोचला आणि मी मनातल्या मनात गयावया करू लागलो की कुणीतरी या, कुणीही या.

खारू आली. तोंड धुऊन, ओल्या हातांनी, अनवाणी. धूर बघून ती घाबरली, पण पळाली नाही. "बाबा, टोस्ट जळतोय!" ती ओरडली. नळ चालूच होता. मग तिने चौदा महिने जे पाहिलं होतं, तेच केलं. ओट्यावरची सुरी उचलली.

नको गं! बटण! आधी बटण! मी ओरडत होतो, पण मला कुठला आवाज? माझा एकच आवाज होता, आणि त्याला चिमटा लावलेला होता.

सुरी माझ्या तारांना लागली. लखकन ठिणगी उडाली आणि खारू मागे फेकली गेली. तिच्या किंकाळीने बाबा धावत आले. त्यांनी आधी घराचा मुख्य खटका पाडला, मग तिला उचललं. ती श्वास घेत होती.

बाबांनी तिला आईच्याच रुग्णालयात नेलं. समोरून आपलीच मुलगी येताना बघून आईचं काय झालं असेल, ते मी सांगू शकत नाही.

खारू वाचली. आठ दिवसांनी ती घरी आली. उजव्या हाताची दोन बोटं आता पुरती मिटत नाहीत. पेन्सिल धरताना ती दात-ओठ खाते. तेव्हापासून आईने तव्याला आणि मला हात लावलेला नाही. सकाळी ती पाणी पिते आणि निघते.

खारू घरी आली त्याच संध्याकाळी बाबांनी मला जेवणाच्या टेबलावर घेतलं. पेचकस, बोटभर लांबीची एक पट्टी, ब्रश. चुरा झटकला, खटका बदलला, दांडा दाबला. थोड्या वेळाने 'खट्' झालं, अगदी पहिल्या दिवसासारखं.

समोर बसलेली खारू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

"बाबा, अकरा मिनिटं लागली," ती म्हणाली.

बाबांनी पेचकस खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मित्रांनो, आता उठा आणि आपल्या घरात एक फेरी मारा. कुठे काही दोरीने बांधलंय का, चिकटपट्टीने धरलंय का, चिमट्याने दाबलंय का, ते बघा. स्वतः हात लावू नका. घरातल्या मोठ्या माणसाला तिथे घेऊन या आणि विचारा, हे नीट करायला किती मिनिटं लागतील? ते काम होईपर्यंत त्यांचा पिच्छा सोडू नका.