दोन उपप्रमुख

चिसातोने पेन उचललं तेव्हा शेवटच्या अक्षराची शेपटी वाकडी गेलेली होती. तेही कंपनीच्याच नावात. तिने तो अर्ज बाजूला सारला आणि कोरा पुढे ओढला. माशाच्या वड्या बनवणाऱ्या या कंपनीला अर्ज हाताने, शाईनेच लिहिलेला लागायचा. खाडाखोड चालत नसे. तळहाताचा घाम कागदाला लागू नये म्हणून तिने मनगटाखाली रुमाल घेतला होता.

विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये त्याच टेबलावर समोर इनाबाही काहीतरी लिहीत होता, डाव्या हाताचा आडोसा करून.

"मी काय कॉपी करणार आहे का?"

"तुझा काय भरवसा," तो म्हणाला, पण हात हलवला नाही.

कुठे अर्ज करतोस, हे तिने विचारलं नाही. त्या वसंतात कोणीच कोणाला विचारत नव्हतं. नकाराच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी, तुमच्या पुढील यशासाठी आम्ही प्रार्थना करतो, असं छापलेलं असे. चिसातोसाठी तोयामा शहरातल्या बऱ्याच कंपन्यांनी प्रार्थना करून झाली होती. पदवी हातात पडेपर्यंत नोकरी ठरली नाही, तर पुढच्या वर्षी तेच विद्यार्थी शिळे ठरत. ही कंपनी तिच्या यादीतली शेवटची होती.

आता सर्वांत मोठा चौकोन उरला होता. विद्यार्थिदशेत सर्वाधिक मेहनत कशावर घेतली? कोणती अडचण आली, ती कशी सोडवली?

चिसातो, इनाबा आणि ओरिए कुझुमी, या तिघांचं मिळून एक मंडळ होतं. लाकडी चौकटीत एकामागून एक चित्रं सरकवत बालवाडीतल्या मुलांना गोष्टी सांगायच्या, एवढंच काम. प्रमुख ओरिए. बाकी पदं नव्हती, कारण पदं द्यायला माणसंच नव्हती. पण आधीच्या वर्षीच्या मुलांनी जाता जाता सांगून ठेवलं होतं: अर्जात प्रमुख लिहू नका, चौकशी होते. उपप्रमुखाची चौकशी कोणी करत नाही.

चिसातोने लिहिलं, मी मंडळाची उपप्रमुख आहे. पुढची ओळ लिहिताना ती जरा थांबली. हिवाळ्यात ओरिए यायची बंद झाली होती. आधी सर्दी आहे म्हणाली, मग निरोपाला उत्तर येईना. तिलाही नकार येत होते, एवढं ठाऊक होतं. नंतर अर्जांची घाई सुरू झाली आणि चित्रांची पेटी मंडळाच्या खोलीतल्या कपाटात गेली. बालवाडीचा फोन आला, तो कोणीच उचलला नाही.

"प्रमुख अचानक येईनाशा झाल्यावर," चिसातोने सावकाश, एकही अक्षर वाकडं जाऊ न देता लिहिलं, "मी सर्वांना धीर दिला आणि कार्यक्रम चालू ठेवले."

या वेळी प्रार्थना आली नाही. मुलाखतीचं बोलावणं आलं.

कंपनीच्या मधल्या मजल्यावर भिंतीलगत खुर्च्या मांडलेल्या होत्या. चिसातो शेवटच्या खुर्चीवर बसली. शेजारच्या काळ्या सुटाने मान वळवली. तो इनाबा होता.

दोघांनीही घाईने नजर समोरच्या भिंतीकडे वळवली.

"मोठ्या चौकोनात काय लिहिलंस?" तो ओठ न हलवता म्हणाला.

"मंडळ."

"पद?"

तिने मान खाली घातली. त्यालाही कळलं.

"म्हणजे गेलो," तो म्हणाला. "तू गेल्या वर्षीची उपप्रमुख हो. मी यंदाचा."

"यंदाचंच वर्ष लिहिलंय मी."

"मीही."

उठून जावं, तब्येत बिघडली म्हणावं, असा विचार चिसातोच्या मनात येतो आहे तोच दार उघडलं आणि दोघांची नावं एकत्रच पुकारली गेली.

आत तीन जण होते. मधल्या बाईंपुढे दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवलेले होते. चिसातोला उलट्या बाजूनेही आपलं अक्षर ओळखता आलं. विद्यापीठ, विभाग, नाव, सगळं पाठ केल्याप्रमाणे म्हणून झालं. मग त्या बाईंनी चष्मा वर केला.

"एकाच मंडळाचे दोन उपप्रमुख," त्या म्हणाल्या. उजवीकडचे गृहस्थ थोडे हसले. आज सकाळपासून उपप्रमुखच येताहेत, असं काहीसं ते पुटपुटले.

बाई हसल्या नाहीत.

"दोघांनीही लिहिलंय, प्रमुख येईनाशा झाल्या."

"हो," इनाबा म्हणाला.

"आता कशा आहेत त्या?"

चिसातोने या मुलाखतीची तयारी केली होती. ताकद काय, उणीव काय, आमचीच कंपनी का. खोटं पकडलं गेलं तर काय बोलायचं, तेही बाहेरच्या खुर्चीवर घाईघाईने जुळवून ठेवलं होतं. तिने इनाबाकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेकडे पाहत होता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली आणि इनाबाला कंपनीच्या कारखान्याविषयी काहीतरी विचारलं. पुढचं चिसातोला नीट आठवलं नाही.

बाहेर आल्यावर दोघं स्टेशनच्या दिशेने निघाले. ट्रामच्या थांब्याशी इनाबा थांबला.

"शेवटचं कधी बोललो आपण ओरिएशी?"

विद्यापीठाकडे जाणारी ट्राम आली, तेव्हा दोघंही चढले. ओरिएची खोली विद्यापीठाजवळच होती.

ओरिएच्या खोलीच्या दारातली टपालाची फट कागदांनी भरलेली होती. वरचा लिफाफा कुठल्या तरी कंपनीचा होता, पावसाने फुगलेला. इनाबाने बेल वाजवली. आत काहीच हललं नाही. त्याने पुन्हा बेल दाबली आणि लगेच हात मागे घेतला.

"घरमालकाला बोलवू या का?" तो म्हणाला.

चिसातोने दाराला कान लावला. मग आत कुठेतरी काहीतरी घासल्यासारखं झालं. पावलं आली, थांबली. दार उघडलं नाही.

"कोण आहे?" ओरिएचा आवाज होता, बरेच दिवस न वापरलेला.

चिसातोची पाठ आपोआप ताठ झाली. विद्यापीठ, विभाग, नाव ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"आम्ही दोघं," ती म्हणाली. "चित्रांच्या पेटीत कोणती गोष्ट आधी लावायची, ते तुलाच माहीत आहे."

मग दाराची साखळी काढल्याचा आवाज आला.