रिठ्याने अडवलेलं तांबं

रविवारी दुपारी चौलच्या घरी, पडवीत, शरच्चंद्राने काचेच्या पेटीतली रवी फिरवली आणि त्याची बायको सरोजिनी पुढे वाकून पाहू लागली. पेटीला कप्पे दोन. एकात ढवळायचं, दुसऱ्यात निवळू द्यायचं. तांबं विरघळलेलं निळं पाणी आणि तांबं ओढून घेणारं औषध घातलेलं रॉकेल एकत्र घुसळलं की तांबं पाण्यातून रॉकेलात जातं. मग रॉकेल वर, पाणी खाली. काल तसंच झालं होतं. आज मात्र सगळ्याचं फेसाळ ताक झालं, आणि अर्धा तास गेला तरी ते फुटेना.

उद्या सकाळच्या लाँचने ही नमुन्याची पेटी मुंबईच्या कारखान्यात दाखवायला न्यायची होती. पसंत पडली तर शरच्चंद्राची तिथली नोकरी कायम आणि तिघांना एकत्र राहायला दोन खोल्या. आठवड्यातून एकदा दिसणाऱ्या बापाला पाहून त्यांची छोटी केसर अजून भोकाड पसरायची.

"माझं गणितच चुकलंय. येत नाही म्हणून तार करतो," शरच्चंद्र म्हणाला.

"अहो, थांबा हो जरा!" सरोजिनी म्हणाली. केसरला तिने सकाळपासून कडेवरून उतरवलं नव्हतं; कुणाच्या हाती द्यायचा तिला धीरच होत नसे. "काल झालं ते आज का नाही? मध्ये काय बदललं?"

भांडी घासायला येणारी मनुबाई दाराशी कधीची घुटमळत होती.

"वयनी, रागावू नका. सकाळी पेटी म्या धुतली. रिठ्यानं."

"रिठ्यानं?"

"तुमीच म्हनलात न्हवं, राख लावू नका, काचेला चरे पडतील? मंग केसरचं लोकरीचं टोपडं धुते तशी धुतली. लई चकाकली व्हती."

शरच्चंद्राने कपाळावर हात मारला. "तरीच! रिठ्याचा अंश राहिला, म्हणून तेल पाण्याला सोडेना. आणि मी आपला गणिताला शिव्या घालतोय!"

मनुबाई गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? सरोजिनीने मनुबाईकडे पाहिलं आणि पाणी तापवायला ठेवलं.

पेटी कढत पाण्याने पाच वेळा धुतली. नवं रॉकेल, नवं निळं पाणी.

"मनुबाई, आता रवी तुम्ही फिरवा," सरोजिनी म्हणाली.

"म्या? फुटली म्हंजे?"

"रोज ताक करता ना? मग!"

मनुबाईने श्वास रोखून रवी फिरवली. दहा मिनिटांत पेटीत दोऱ्यासारखी रेघ उमटली. वर हिरवट रॉकेल, खाली पाण्याचा निळेपणा पार उतरलेला.

"अगं बया, लोनी वर आलं की!"

सरोजिनीने डोळे पुसले आणि केसरला पुढे केलं. "घ्या हिला."

"हाताला रॉकेलाचा वास हाय, वयनी."

"असू दे," म्हणत तिने लेक मनुबाईच्या हातात दिली.